खिंडीवर जाऊन आलेला बूट

डहाणू आणि तलासरी या दोन तालुक्यांतील समस्त नागरिक, चिकूचे बागायतदार, मच्छीमार बंधू-भगिनी, माझे आजी-माजी विद्यार्थी आणि अच्छाडच्या नाक्यावर रांगेत खोळंबलेले ट्रकचालक यांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, मी, वय वर्षे त्रेपन्न, भूगोलाचा शिक्षक, प्रकृतीने धडधाकट, एका बुटावर जळतो. बूट तपकिरी आहे. बायकी आहे. डाव्या पायाचा आहे. उजव्यावरही जळतो, पण डाव्यावर जास्त. सदर निवेदन मी पूर्ण शुद्धीत, सकाळचा चहा घेऊन आणि कोणाच्याही दबावाला बळी न पडता करत आहे.

झालं असं की, मागच्या शनिवारी मी माळा साफ करायला चढलो. माळ्यावर डांबरगोळ्यांचा वास, एक मोडका पंखा, मुलीच्या लहानपणची सायकल आणि एका गोणपाटात दोन जोड बूट. एक माझा, एक कुंदाचा. कुंदा म्हणजे माझी बायको. सहा वर्षांपूर्वी आम्ही दोघं हिमालयात गेलो होतो, एका उंच खिंडीवर पायी चढायला, चांगले सात दिवस. तेव्हाचे हे बूट. मी दोन्ही जोड उलटे करून बघितले. माझ्या बुटांच्या तळव्यांच्या खाचा स्वच्छ होत्या, दुकानातून आणल्यासारख्या. कुंदाच्या डाव्या बुटाच्या खाचेत मात्र एक खडा अडकला होता. हरभऱ्याएवढा, काळपट, उजेडात धरला की चमकणारा. मी तो पिनेने उकरून बघितला. निघाला नाही. मग लक्षात आलं की हा खडा त्या खिंडीवरचा आहे, कारण खालच्या वाटेवर कुठेच असले दगड नव्हते. हा बूट वर जाऊन आलेला होता. माझा बूट वर गेला नव्हता, कारण त्यात मी होतो.

आता एवढं बोललोच आहे तर बाकीचंही सांगून टाकतो. सबंध डहाणूला वाटत होतं की खिंडीवर मी गेलो. असं वाटायचं कारण म्हणजे मीच त्यांना सहा वर्षं तसं सांगत होतो.

त्या प्रवासाआधी तलासरीच्या शाळेत मी बावीस वर्षं हिमालय काढला. फळ्यावर, डावीकडून उजवीकडे, पांढऱ्या खडूने, एका दमात. शिखरांच्या टोकांवर खडू आडवा घासून बर्फ पाडायचा. चैत्रात खिडकीबाहेरची मोहाची झाडं फुलं टाकायची आणि तो गोड, जड, जरासा गुंगवणारा वास वर्गात यायचा. पोरांच्या खिशांत मोहाची फुलं, बोटांना तोच वास, वह्यांनाही तोच. लांब हायवेवर ट्रक घुमत असायचे. त्या सगळ्यात मी घसा ताणून वली पर्वत शिकवायचो. मी म्हणायचो, "जगातल्या सगळ्या डोंगरांची उंची समुद्रसपाटीपासून मोजतात. समुद्रसपाटी म्हणजे कुठलं? तर आपलं डहाणू! एव्हरेस्ट मोजायला लोक आपल्या अंगणात टेप धरतात!" पोरं खूश व्हायची. आणि मग दरवर्षी, न चुकता, मागच्या बाकावरून कोणीतरी विचारायचंच, "सर, तुम्ही बघितलाय का?"

एका वर्षी पाड्यावरच्या एका मुलीने विचारलं, "सर, आपल्या महालक्ष्मीच्या डोंगराएवढा असंल का?"

मी म्हटलं, "त्याच्यावर आणखी एक महालक्ष्मीचा डोंगर ठेव. त्याच्यावर आणखी एक. असे ठेवत जा."

ती विचारात पडली. म्हणाली, "मग पडंल ना सर!"

त्या बावीस वर्षांत मी हिमालयावर इतकं प्रेम केलं की तो माझाच आहे, अशी माझी खात्री झाली होती. कुंदाला मी बरोबर नेलं ते डबा करायला कोणी असावं म्हणून, हेही कबूल करून टाकतो.

कुंदा चिखल्याची. तिचं सगळं माहेर समुद्रावर जगणारं. भाऊ होडीवर, आई आणि ती किनाऱ्यावर. थंडी पडली की चिखल्याच्या वाळूत बांबूंच्या उंच वलांड्या उभ्या राहायच्या आणि त्यांच्या दोऱ्यांवर बोंबील वाळत पडायचे. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवायचे आणि जोडी दोरीवर टाकायची. हे काम कुंदा न बघता करायची. डोळे दुसरीकडे, बोटं बोंबलांत. वारा सुटला की हजारो बोंबील एकदम हलायचे आणि कागद चाळल्यासारखा आवाज व्हायचा. पलीकडे सुरूच्या झाडांतून दुसरा आवाज, त्याच्या पलीकडे पाण्याचा तिसरा. वास तर असा की शर्टाला लागला तर दोन धुण्यांत जायचा नाही. मी डहाणूहून सायकल मारत तिथे जायचो. निमित्त असायचं घोलवडच्या मित्राकडून पुस्तक आणायचं. किती पुस्तकं आणली, देव जाणे. एकही वाचलं नाही.

ती डोक्यावर पाटी घेऊन घोलवडच्या बाजाराला निघालेली असायची, तिच्या आईच्या मागोमाग. डोक्यावर जुन्या लुगड्याची चुंबळ, चुंबळीवर पाटी, पाटीत मासळी, आणि मान अशी सरळ की मोराने शिकवणी लावावी. मी सायकल हळू करून तिच्या बाजूने चालवायचो. हळू सायकल चालवणं किती अवघड असतं हे प्रेमात पडलेल्या माणसालाच माहीत.

"जरा थांब की," मी एकदा म्हटलं.

"पाटी उतरवाल?" ती पुढे बघतच म्हणाली.

"उतरवतो."

"आणि मग परत चढवाल? भरली पाटी? एकट्याने?" मी पाटीकडे बघितलं. तिची आई पुढून न वळता हसली. "चला मास्तर, सायकल पडंल तुमची."

भरली पाटी एकदा उतरली की परत डोक्यावर चढवायला दुसरं माणूस लागतं. म्हणून या बायका वाटेत थांबतच नाहीत. धावतही नाहीत, कारण धावलं की थांबावं लागतं. एकच चाल, निघाल्यापासून पोचेपर्यंत. श्वास त्या चालीला बांधलेला. बोलणं, हसणं, भांडणं, सगळं त्याच चालीत. मला ती चाल फार आवडायची. ती चाल पुढे माझा घात करणार आहे हे तेव्हा कळलं असतं तर मी घोलवडहून खरंच पुस्तकं आणून वाचली असती.

हिमालयाची तयारी आम्ही विवळवेढ्याला केली. दर रविवारी महालक्ष्मीचा डोंगर. माझ्या गळ्यात शिट्टी, डोक्यावर टोपी, दोन्ही गुडघ्यांना पट्टे, हातात काठी. कुंदाच्या पायात चपला आणि हातात डबा. मी दर वेळी तिच्या आधी वर पोचायचो. वर उभा राहून, कमरेवर हात ठेवून, खाली ओरडायचो, "कुंदा! वेळ बघ!" ती यायची, डबा उघडायची, "खाऊन घ्या, घामाने ओले झालात," म्हणायची. तिला घाम आलेला नसायचा. डोंगर चढून आलेल्या माणसाचा श्वास वाढलेला नाही, ही गोष्ट भूगोलाच्या शिक्षकाच्या लक्षात यायला हवी होती. मी तेव्हा घड्याळ बघत असायचो.

अच्छाडच्या एका धाब्यावर मला पहाडातला एक ट्रकवाला भेटला होता. मी त्याला चहा पाजून आमचा बेत सांगितला. तो माझ्या नव्या बुटांकडे बराच वेळ बघत राहिला. म्हणाला, "मास्टरजी, पहाड में हड़बड़ी मत करना." मी हे वाक्य वहीत सुवाच्य अक्षरात लिहून घेतलं. वही घरी राहिली.

निघताना सासूबाईंनी सुक्या बोंबलांची पुडी दिली. तीन वर्तमानपत्रं आणि दोन पिशव्यांत बांधलेली. मी म्हटलं, "आये, हिमालयात बोंबील?" त्या म्हणाल्या, "मग काय, तिथं मिळतात काय?" या युक्तिवादापुढे माझं शिक्षण थिटं पडलं.

आणि मग तो पहिला दिवस. देवदारांच्या खालून वाट. त्या झाडांचा वास मला लगेच ओळखू आला. पेन्सिलीला टोक केल्यावर जो वास येतो ना, अगदी तो. सबंध डोंगराने जणू परीक्षेची तयारी केली होती. खाली नदी. तिचा आवाज दिवसभर, संध्याकाळभर, एकाच पट्टीत. पहिल्या मुक्कामाला कुंदा नदीच्या काठावर बराच वेळ बसून राहिली. मी विचारलं, "काय बघतेस?"

"हे पाणी परत कधी जातं?" ती म्हणाली.

"परत कसं जाईल? नदी आहे ती."

"म्हणजे ओहोटी नाहीच?" तिने तोंडावर ओढणी धरली. "बाई गं. सारखी भरतीच!"

आमच्या तुकडीत बाराजण होते, सगळे परगावचे, आमच्या ओळखीचा एकही नाही. पुढे याचा मला किती उपयोग झाला ते तुम्ही बघताच आहात. वाटाड्याचं नाव प्रेमसिंग. तो पहिल्याच दिवशी कुंदाला "दीदी" आणि मला "अंकल" म्हणाला. माझ्या आणि कुंदाच्या वयात दोनच वर्षांचं अंतर आहे. मी ते त्याला सांगितलं. तो म्हणाला, "जी अंकल." तिथून सुरुवात झाली. छातीत, डाव्या बाजूला, काहीतरी बारीक जळलं. मी ते जेवणावर ढकललं.

दुसऱ्या दिवशी मी सगळ्यांच्या पुढे. शिट्टी वाजवत. भोजपत्राच्या झाडांची साल पांढऱ्या कागदासारखी सुटून वाऱ्यावर फडफडत होती, हे मला कुंदाने नंतर सांगितलं. मी फक्त माझे बूट बघितले. मी पुढे जायचो, बसायचो, धापा टाकायचो, लोक आले की उठून परत पुढे जायचो. कुंदा यायची, मला ओलांडायची आणि चालत राहायची. मग मी धावत तिला गाठायचो. दिवसभरात असं पंचवीस वेळा झालं असेल.

तिसऱ्या दिवशी झाडं संपली आणि कुरण लागलं. हिरवंगार, उतरतं, बारीक पिवळ्या फुलांचं, वर धुक्याची साय. तिथे कुंदा म्हणाली, "या पिशवीचे पट्टे खांद्याला काचतात." तिने ओढणी काढली, दोन बोटांवर गुंडाळून तिची चुंबळ केली, डोक्यावर ठेवली, आणि प्रेमसिंगला म्हणाली, "भैया, जरा हात लगाओ." त्याने हात लावला. पिशवी डोक्यावर गेली. आणि माझी बायको, दहा हजार फुटांवर, चिखल्याहून घोलवडला निघावं तशी निघाली.

सबंध तुकडी थांबली. सामान वाहणारे थांबले. त्यातला एक म्हातारा, ज्याच्या स्वतःच्या कपाळावर ओझ्याचा पट्टा होता, तो तिच्याकडे इतक्या आदराने बघत होता की तसं माझ्याकडे मुख्याध्यापकांनीही कधी बघितलं नाही. सगळ्यांनी फोटो काढले. मीही काढला. माझ्या फोटोत अर्ध्या भागात माझं बोट आलं आहे. मुद्दाम नाही. पण पुसलाही नाही.

त्या संध्याकाळी तिने बोंबील भाजायला काढले. चुलीवर पहिला बोंबील पडला तसा स्वयंपाकी तंबूतून बाहेर पळाला. मग पाच मिनिटांनी आत डोकावला. मग आत येऊन बसला. शेवटी बोंबील, कांदा आणि लाल मिरची यांचा फडशा पडला तेव्हा सर्वांत जास्त तोच खाऊन उठला. त्या बर्फाळ हवेत, त्या देवदारांच्याही वरच्या अंगाला, चिखल्याच्या वाळूचा वास पसरला होता. एक पहाडी कुत्रा त्या वासामागे दोन दिवस आमच्याबरोबर चालला. कुत्रासुद्धा कुंदाच्याच मागे. मी त्याला बिस्किट दाखवलं होतं.

चौथ्या दिवशीचा मुक्काम खिंडीच्या पायथ्याला. तिथे गवत नाही, फक्त दगड, आणि दगडांच्या मधे जुना, मळका बर्फ. मी अर्थात पहिला पोचलो. पोचलो आणि बसलो, आणि बसल्यावर माझ्या डोक्यात कोणीतरी होडीचं इंजिन चालू केलं. ठक ठक ठक ठक. प्रेमसिंगने माझ्या बोटाला प्राणवायू मोजायचा चिमटा लावून यंत्रावरचा आकडा बघितला. दहा मिनिटांनी परत लावला. मग माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "अंकल, आप कल ऊपर नहीं जाएँगे."

मी हसलो. मी त्याला बावीस वर्षांबद्दल सांगितलं. फळ्याबद्दल सांगितलं. तो सगळं शांतपणे ऐकून म्हणाला, "जी अंकल. आप यहीं आराम करेंगे. तबीयत और बिगड़ी तो नीचे." मग त्याने कुंदाच्या बोटाला चिमटा लावला, आकडा बघितला, आणि परत एकदा बघितला. "दीदी तो यहीं की हैं," तो म्हणाला.

कुंदा माझ्याजवळ बसली. "अहो, मी पण थांबते."

"छे छे," मी म्हणालो. "तू जा. मी सांगतो म्हणून जा." माझा आवाज मलाच फार उदात्त वाटला. मनात हिशेब असा होता की ती दुसऱ्यांदा म्हणेल, मी परत नाही म्हणेन, ती तिसऱ्यांदा म्हणेल, मग मी नाइलाजाने मान डोलावेन.

ती म्हणाली, "बरं." आणि झोपली.

पहाट फुटायच्या आत ते निघाले. दहिवर गोठून काच झालं होतं, त्यावर बुटांचा करकर आवाज होत गेला, मग बारीक झाला, मग फक्त तंबूचं कापड उरलं. सूर्य आल्यावर ते कापड नारिंगी झालं. आत रॉकेलचा वास, ओल्या लोकरीचा वास, आणि माझा वास. मी तीनदा ओकलो. मग स्वयंपाक्याने मला धरून बाहेर एका खडकाशी बसवलं, हातात काळ्या चहाचा पेला दिला, आणि वर बोट दाखवलं.

बर्फाच्या उतारावर ठिपके दिसत होते. एकामागे एक. ते चालायचे, थांबायचे. चालायचे, थांबायचे. एक ठिपका मात्र थांबत नव्हता. तो जलद नव्हता. सुरुवातीला सगळ्यांच्या मागे होता. पण सगळे थांबले तरी तो चालत होता, आणि हळूहळू, एक एक करत, तो त्यांच्यातून पुढे निघाला. इतक्या लांबूनही मला ती मान दिसली. मी वीस वर्षं त्या चालीच्या बाजूने सायकल चालवली आहे, मला कोणी सांगायला नको.

आता जे सांगतो ते मी आजपर्यंत कोणालाही सांगितलेलं नाही. मी त्या ठिपक्याला मनातल्या मनात म्हणालो, थांब. दम लागू दे तुला. एकदा तरी बस. ज्या बाईच्या हातचं मी वीस वर्षं जेवलो, तिचा पाय घसरावा असं नाही, देवाशपथ नाही, पण निदान दुखावा, निदान तिने वळून बघावं आणि म्हणावं की आता नाही जमत. एवढं मागणं मी हिमालयाकडे मागितलं. बावीस वर्षांच्या सेवेच्या बदल्यात. हिमालयाने दिलं नाही. ठिपका काठावर पोचला, क्षणभर निळ्या आभाळात उभा राहिला, आणि पलीकडे दिसेनासा झाला.

दुपारी ती परत आली. चेहरा उन्हाने तांबडा झालेला, ओठ फुटलेले, आणि डोळ्यांत असं काहीतरी, जे मी आमच्या लग्नातही बघितलं नव्हतं. ती तंबूच्या तोंडाशी बसली, बुटांच्या नाड्या सोडल्या, पाय मोकळे केले, आणि माझ्याकडे वळून म्हणाली, "अहो, वर ना..."

"डोकं दुखतंय," मी म्हणालो आणि कूस बदलली. "नंतर सांग."

ती "बरं" म्हणाली. तिने मला खिचडी भरवली. कपाळाला बाम लावला. आणि ते वाक्य तिने परत कधीच सुरू केलं नाही.

डहाणू स्टेशनावर भरतभाई हार घेऊन उभा. भरतभाई म्हणजे माझा बालमित्र, चिकूची वाडी त्याची, आणि डहाणूत कोणाचाही सत्कार करायचा असला की हार त्याच्याच गाडीत असतो. गाडीतून उतरतोय तोच त्याने हार माझ्या गळ्यात घातला. "बोल मास्तर, कसं वाटलं वर? एकदम स्वर्ग ने?"

कुंदा माझ्या मागून पिशव्या उतरवत होती. मी तोंड उघडलं. खरं सांगतो, मी खरं सांगायलाच तोंड उघडलं होतं. पण आतून जे बाहेर आलं ते होतं, "भरतभाई, खिंडीवर पहिलं पाऊल ठेवलं, आणि..."

कुंदाने पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

मग काय विचारता! प्रेमसिंगने सांगितलेलं, तुकडीतल्या लोकांच्या तोंडून ऐकलेलं, पाठ्यपुस्तकातलं, सगळं मी त्या खिंडीवर नेऊन ठेवलं. पहिल्या वर्षी नुसते ढग होते. दुसऱ्या वर्षी ढगांत एक गरुड आला. तिसऱ्या वर्षी त्या गरुडाने माझ्या हातातली चिक्की पळवली. लग्नांत, बारशांत, वाचनालयाच्या अंगणात, तलासरीच्या शाळेत स्नेहसंमेलनाला, कुठे कुठे म्हणून मी ती खिंड चढलो नाही! लोक थंडीने शहारायचे. मेच्या उकाड्यात. आणि मी सांगायला लागलो की कुंदाला नेमकं आत काम निघायचं. दूध उतू जात असायचं, नाहीतर कोणाचं तरी ताट वाढायचं राहिलेलं असायचं.

पण कधी कधी, अजूनही, ती माहेरी वलांडीशी उभी असते, बोटं बोंबलांत, आणि डोळे कुठेतरी लांब जातात. एकटीच बारीक हसते. मला लगेच कळतं. ती आत्ता तिथे आहे. तिला गाडी लागत नाही, बूट लागत नाहीत, ती हवी तेव्हा जाऊन येते. मी विचारतो, "काय झालं?" ती म्हणते, "काही नाही." आणि मी जळतो. सहा वर्षं मी एका अशा जागेचं वर्णन करत होतो जी माझ्यापासून दोन हातांवर बसून बोंबील जोडत होती. विचारायचं एवढंच होतं. पण ज्याने "नंतर सांग" म्हटलं त्यानेच विचारायचं, म्हणजे आधी काय काय कबूल करावं लागलं असतं ते बघा.

तर, त्या शनिवारी मला बूट सापडला आणि रविवारी माझा कार्यक्रम होता. चिखल्याला, सुरूच्या सावलीत. भरतभाईने ठरवलेला. भांगाचे दिवस होते, म्हणजे पाण्याला ओढ नसते, जाळी टाकून उपयोग नसतो. होड्या किनाऱ्याला आणि माणसं मोकळी. अख्खा किनारा चटयांवर येऊन बसला. पुढच्या रांगेत सासूबाई, आता ऐंशीच्या घरातल्या, पाय लांब करून. त्यांच्या शेजारी कुंदा. इथे स्वयंपाकघर नव्हतं. उतू जायला दूध नव्हतं. सहा वर्षांत पहिल्यांदा ती माझी गोष्ट समोर बसून ऐकणार होती.

मी नेहमीपेक्षा चांगलं सांगितलं, हे नम्रपणे नमूद करतो. देवदार सांगितले, नदी सांगितली, कुरण सांगितलं. शेवटचा चढ आला तेव्हा लोकांनी विड्या विझवल्या. मी पाऊल उचललं, मी पाऊल ठेवलं, मी खिंडीवर उभा राहिलो, हात पसरले. गरुड आला. टाळ्या पडल्या. भरतभाईने हार काढला. मी मान झुकवली.

"मास्तर," सासूबाई म्हणाल्या.

टाळ्या थांबल्या. किनाऱ्यावर त्या बोलल्या की थांबतात.

"वर गेल्यावर वारा कुठचा होता?"

सहा वर्षांत मला लोकांनी उंची विचारली होती, थंडी विचारली होती, खर्च विचारला होता, वाघ होता का हेही विचारलं होतं. हे कोणी विचारलं नव्हतं. पण समुद्रावरून घरी आलेल्या माणसाला या बायका पाण्याचा तांब्या देतात आणि पहिलं हेच विचारतात. मासळी किती मिळाली ते मागून. वारा कुठचा होता, यावरून त्यांना कळतं की माणूस कुठे होता, कसा होता, त्याच्यावर काय गुजरली. सगळ्या चटया माझ्याकडे बघत होत्या. त्यांच्या लेखी गोष्ट आत्ता कुठे सुरू होत होती.

उत्तर तर मला देता आलं असतं. मी मतलई वारे आणि खारे वारे अठ्ठावीस वर्षं शिकवले आहेत. उत्तरेचा म्हणालो असतो तर कोण तपासायला जाणार होतं? मी छाती भरून घेतली. आणि बोलायच्या आधी, का कोण जाणे, कुंदाकडे बघितलं.

ती माझ्याकडे बघत नव्हती. खाली मान घालून पदराला चिकटलेली वाळू झटकत होती, एक एक कण, अगदी सावकाश. ती मला पकडणार नव्हती. आत्ताही नाही, पुढेही नाही. मी काहीही म्हणालो असतो, पूर्व, पश्चिम, पाताळातून येत होता म्हणालो असतो, तरी ती वाळूच झटकत राहिली असती. पण तिचे ओठ हलले. एकच शब्द, आवाज न करता, आईच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, आपल्यापुरता. एवढ्या लांबून तो मला वाचता आला नाही. आणि मग ती बारीक हसली, तेच ते हसू.

माझ्या छातीत सहा वर्षं जे बारीक जळत होतं ते एकदम भडकलं. हार भरतभाईच्या हातात लोंबत होता, तो तोंड उघडं ठेवून उभा होता, आणि सगळ्या चिखल्याच्या देखत, शाळेतला, फळ्यासमोरचा, खणखणीत आवाज माझ्या तोंडून निघाला:

"आये, मी गेलोच नव्हतो वर, मी खाली ओकत होतो! ए कुंदा, सांग ना गं, कुठचा होता वारा?"